क्लॅरिनेटचे कणसूर: दोष वाजवणाऱ्याचा की वाद्याचा?

क्लॅरिनेट शिकणाऱ्याला सुरुवातीची काही वर्षं एकच बोलणं ऐकावं लागतं: ओठ नीट धर, फुंक सांभाळ, सूर आपोआप लागेल. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. सगळे स्वर नेमके सुरात असलेलं क्लॅरिनेट आजवर कोणी बनवलेलं नाही. नळीची रुंदी, भोकांच्या जागा आणि चाव्यांची रचना ठरवताना प्रत्येक कारागिराला कुठेतरी माघार घ्यावी लागते. एक स्वर सुधारला की दुसरा थोडा बिघडतो. आपल्या वाद्यात ही माघार कुठे घेतलेली आहे, हे कळलं की ओठांनी किती सांभाळायचं, बोटांनी किती आणि कारागिराकडे कधी जायचं, हे ठरवता येतं. या लेखाचा उद्देश तेवढाच आहे.

बासरी आणि सनईपेक्षा वेगळं गणित

बासरी जोरात फुंकली की मध्य सा वरून तार सा येतो. सनईतही तसंच होतं, कारण तिची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. क्लॅरिनेटची नळी मात्र बरीचशी सरळ, एकाच रुंदीची आहे आणि रीडच्या बाजूला ती बंद असल्यासारखी वागते. अशा नळीत मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट उपस्वर जवळजवळ उमटतच नाही, तिप्पट उमटतो. म्हणून डाव्या अंगठ्याची रजिस्टर चावी दाबली की मंद्र सा वरून मध्य सा न येता थेट मध्य पंचम येतो. पाश्चात्त्य पद्धतीने मोजलं तर हा बारावा स्वर.

सुराच्या बहुतेक तक्रारी या उडीत आहेत. रजिस्टर चावीचं छोटं भोक नळीच्या हिशेबी लांबीच्या एक तृतीयांशावर असलं तर उडी नेमकी बसते. पण प्रत्येक स्वराला नळीची लांबी वेगळी, म्हणजे प्रत्येक स्वराला हे भोकही वेगळ्या जागी हवं. प्रत्यक्षात भोक एकच. ते मधल्या काही स्वरांना सोयीचं ठरतं आणि दोन्ही टोकांच्या स्वरांना गैरसोयीचं. टोकांकडे वरचा स्वर चढा लागतो, म्हणजे जोडी रुंदावते. चांगल्या बास क्लॅरिनेटला दोन रजिस्टर भोकं देतात, ती याच कारणाने.

त्यात याच भोकाला दुसरं काम दिलेलं आहे. लिखित बी फ्लॅट, म्हणजे खालच्या सप्तकातला सगळ्यात वरचा स्वर, याच भोकातून काढतात. त्या स्वराला मोठं भोक हवं आणि उडीला लहान. त्यामुळे हा बी फ्लॅट जगभरच्या बहुतेक क्लॅरिनेटमध्ये फिका आणि भरवशाचा नसलेला असतो. लिखित जी, जी शार्प, ए आणि हा बी फ्लॅट यांना ‘घशाचे स्वर’ म्हणतात. त्यांच्यासाठी नळीचा अगदी आखूड भाग वापरला जातो. हे चार स्वर लक्षात ठेवा, पुढे पेटीच्या पट्ट्यांशी त्यांचा संबंध येणार आहे.

नळीच्या आत काय घडतं

नळीच्या आतल्या रुंदीला वादक बोअर म्हणतात. तिचा नियम सोपा आहे. त्या स्वरासाठी हवेचा दाब जिथे जास्त हेलकावतो तिथे नळी थोडी रुंद केली, तर स्वर उतरतो. हवेची हालचाल जिथे जास्त असते तिथे रुंद केली, तर तो चढतो. एकाच बोटांनी निघणाऱ्या खालच्या आणि वरच्या स्वरांत दाबाच्या जागा वेगळ्या असल्याने, नळी योग्य जागी किंचित रुंद किंवा अरुंद करून रुंदावलेली जोडी जवळ आणता येते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या फरकाने सूर हलतो.

या कलेत कारागिरांचे दोन संप्रदाय दिसतात. इंग्लंडच्या बूझी अँड हॉक्स कंपनीचं प्रसिद्ध १०१० मॉडेल रुंद नळीचं होतं, सुमारे १५.२ मिलिमीटरचं. फ्रेंच परंपरेत नळी त्यापेक्षा अरुंद असते. ब्यूफे क्रॅम्पाँ कंपनीत रोबेर कारे यांनी १९५० च्या दशकात घडवलेल्या आर-१३ मॉडेलमध्ये एक सलग रुंदी नाही. वरच्या तुकड्यात थोड्या-थोड्या वेगळ्या रुंदीचे टप्पे एकापुढे एक येतात आणि खालच्या तुकड्यात नळी बेलकडे पसरत जाते. बाराव्या स्वराच्या जोड्या जवळ आणण्याचा हा मार्ग इतका उपयोगी ठरला की आजच्या बहुतेक कंपन्यांची मॉडेलं कमी-अधिक त्याच वाटेने जातात. फिलाडेल्फियाचे कारागीर हान्स मोएनिग यांचा वरून रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा बॅरलही (माउथपीसखालचा आखूड तुकडा) त्याच हेतूचा आहे.

यातून निघणारा व्यवहारातला धडा मोठा आहे. माउथपीस हा नळीचाच भाग आहे. १०१० ला त्याच्या रुंद नळीशी जुळणारा, आतून सरळ पोकळीचा माउथपीस लागतो. तिथे नेहमीचा फ्रेंच माउथपीस लावला की आतली जागा कमी होते, आखूड नळीचे स्वर लांब नळीच्या स्वरांपेक्षा जास्त चढतात आणि घशाचे स्वर हाताबाहेर जातात. मग वादक बॅरल ओढतो आणि खालचे स्वर बिघडवून बसतो. जुन्या वाद्याचा मूळ माउथपीस हरवला असेल, तर नवा घेताना किमतीपेक्षा आतली पोकळी आधी जुळवा.

चाव्यांच्या तीन पद्धती

क्लॅरिनेट १७०० च्या सुमारास न्युरेंबर्गच्या डेनर घराण्यात आकाराला आलं तेव्हा त्याला दोन-तीनच चाव्या होत्या. इवान म्युलर यांनी १८१२ मध्ये तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट पॅरिसमध्ये मांडलं. पुढच्या बहुतेक पद्धती तिथून फुटल्या. आज वादकाच्या हाती येतात त्या मुख्यतः तीन.

बोम पद्धत: पॅरिसचे वादक क्लोझे आणि कारागीर ब्यूफे यांनी ती १८३९ ते १८४३ च्या दरम्यान उभी केली. थिओबाल्ड बोम यांनी बासरीसाठी केलेल्या कड्यांची कल्पना तिच्यात वापरली, म्हणून त्यांचं नाव लागलं. क्लॅरिनेट त्यांनी स्वतः बनवलं नाही. बोट भोकावर टेकताच भोवतालचं कडं दाबलं जातं आणि दूरचं पॅड हलतं. त्यामुळे बोटाच्या पोचेपलीकडे, जिथे भोक हवं तिथे ते ठेवता येतं आणि स्वर एकसारखे लागतात. तिचे कच्चे दुवे ठरलेले आहेत. खालचे ई आणि एफ थोडे उतरतात. मधल्या सांध्याला चुकवण्यासाठी सी शार्पचं भोक जरा वर आणि लहान काढलेलं असतं. आणि घशाचा बी फ्लॅट आहेच. बॉस्टन सिम्फनीतले रोझारिओ मॅझेओ यांनी हा बी फ्लॅट निराळ्या भोकांतून काढणारी पद्धत तयार केली, सेल्मर कंपनीने तशी वाद्यं विकलीही, पण ती रुजली नाही.

ओहलर पद्धत: बर्लिनच्या ऑस्कर ओहलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस म्युलरची बैठक कायम ठेवून तिच्यावर दुरुस्तीच्या चाव्या चढवल्या. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या वाद्यवृंदांत आजही त्याच घराण्यातली वाद्यं वाजतात. यात नळीचा सरळ भाग लांब असतो आणि पसरट भाग उशिरा सुरू होतो. खालचे ई-एफ उतरू नयेत म्हणून चांगल्या वाद्यांवर खास चावी असते. सूर नेमका, पण यंत्रणा गुंतागुंतीची आणि आपल्याकडे दुरुस्ती अवघड.

अल्बर्ट किंवा साधी पद्धत: ब्रसेल्सच्या युजेन अल्बर्ट यांच्या नावाने ओळखली जाते. चाव्या कमी, उघडी भोकं जास्त. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझ वादकांनी ती वापरली आणि तुर्की व ग्रीक लोकसंगीतात ती आजही आहे. बोट हळूच सरकवून सूर ओढता येणं हे तिचं बलस्थान. बोम पद्धतीत बोट सरकवताना कडं मध्येच उचललं जातं आणि मींड तुटते. इथे ती तुटत नाही. उलट बाजू अशी, की काही स्वर मधलं भोक उघडं ठेवून त्याखालचं बंद करून, म्हणजे आडव्या बोटांनी काढावे लागतात. असे स्वर दबलेले लागतात आणि त्यांचा सूर ओठांवर सोपवलेला असतो.

मग घ्यावं कोणतं? लिहिलेल्या नोटेशनवर वाजवणार असाल, शिक्षक आणि दुरुस्ती जवळ हवी असेल, तर बोम. रागसंगीत किंवा लोकसंगीताकडे ओढा असेल आणि उत्तम स्थितीतलं साध्या पद्धतीचं वाद्य मिळत असेल, तर ते नाकारू नका. क्लॅरिनेटवर गमक आणि मींड पेलतात, हे कर्नाटक संगीतात ए. के. सी. नटराजन यांनी आणि हिंदुस्थानी संगीतात रायचूरच्या नरसिंहलू वडवाटी यांनी दाखवून दिलेलं आहे.

काही हलवण्याआधी मोजा

शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात. मोबाइलवरचं साधं ट्यूनर ॲप एवढ्या मोजणीला पुरतं. क्रम असा ठेवा:

१. दहा मिनिटं वाजवून वाद्य तापवा. हवा एका अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंटने चढतो, त्यामुळे थंड वाद्याची मोजणी फसवी असते.

२. रोजच्या वापरातली रीड लावा. फार मऊ रीडवर सूर उतरतो, फार कडक रीडवर तो चढा लागतो.

३. मध्यम जोरात, ओठांनी दुरुस्ती न करता वाजवा. क्लॅरिनेट मोठ्याने फुंकलं की उतरतं आणि हळू फुंकलं की चढतं. स्वर लागल्यावरच ट्यूनरकडे पाहा, किंवा पाहायचं काम दुसऱ्याला द्या. काटा समोर असला की ओठ नकळत त्याच्यामागे धावतात.

४. जोड्या वाजवा: ई-बी, एफ-सी, जी-डी, ए-ई, सी-जी, डी-ए, ई-बी, एफ-सी. प्रत्येक जोडीत खालच्या स्वराची बोटं तीच ठेवून रजिस्टर चावी उघडायची. शेवटी घशाचे चार स्वर. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर ट्यूनर लिखित स्वराच्या दोन पट्ट्या खालचं नाव दाखवेल, ई वाजवलं तर डी.

५. प्रत्येकापुढे किती सेंट वर किंवा खाली ते लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन्ही दिवशी सारखा आलेला फरक वाद्याचा, बदललेला फरक तुमचा.

तक्ता वाचायचा कसा

*सगळेच स्वर चढे किंवा उतरे:* बॅरलची लांबी, रीड किंवा वाद्याची मूळ पट्टी तपासा.

*घशाचे स्वर चढे, खालचे लांब स्वर ठीक:* बॅरल आखूड आहे किंवा माउथपीसची पोकळी कमी.

*खालचं रजिस्टर ठीक, वरचं सगळं डळमळीत:* रजिस्टर भोक कचऱ्याने भरलंय, किंवा माउथपीस नळीशी जुळत नाही.

*एकच स्वर दोन्ही रजिस्टरमध्ये बिघडलेला, शेजारचे ठीक:* दोष त्या भोकाचा. मळ साचलाय, किंवा पॅड पुरेसं उघडत नाही. कमी उघडणारं पॅड स्वर उतरवतं आणि दाबतं.

*फक्त टोकाच्या जोड्या रुंद:* हा रचनेतला दोष आहे. थोडा असेल तर तो स्वीकारून बोटांनी सांभाळा.

दुरुस्तीचा क्रम: स्वस्तापासून महागाकडे

*पहिलं, सफाई.* रजिस्टर भोकातली धातूची बारीक नळी पातळ ब्रशने साफ करा. कापसाचे धागे आणि थुंकीचा थर यामुळे घशाचा बी फ्लॅट आणि वरचं रजिस्टर दोन्ही बिघडतात. भोकांच्या कडाही पुसा.

*दुसरं, ओढणं.* बहुतेक वादक फक्त बॅरल ओढतात. तिथे गणित फसतं. खुल्या जी ची हिशेबी लांबी सुमारे २५ सेंटिमीटर आहे, खालच्या ई ची सुमारे ५९. बॅरल २ मिलिमीटर ओढला तर जी सुमारे १४ सेंट उतरतो आणि ई जेमतेम ६. म्हणून थोडं बॅरलला आणि थोडं मधल्या सांध्याला ओढा. मधला सांधा ओढल्याने खालच्या तुकड्यापर्यंत पोचणारे स्वर उतरतात, घशाचे जागेवर राहतात. नेहमीच बरंच ओढावं लागत असेल तर एक-दोन मिलिमीटर लांब बॅरल घ्या. ओढल्यावर आत पडणारी फटही सूर बिघडवते, ती भरायला रिंगा मिळतात.

*तिसरं, बोटं.* घशाचा ए किंवा बी फ्लॅट वाजवताना उजव्या हाताची एक-दोन बोटं खाली टेकवून पाहा. सूर किंचित उतरतो आणि भरदार होतो. कोणती बोटं हे वाद्यागणिक बदलतं, ट्यूनरसमोर शोधून वहीत टिपून ठेवा. बोम पद्धतीत ए ची चावी आणि बाजूच्या चार चाव्यांपैकी वरून दुसरी मिळून दाबली की बी फ्लॅट स्वच्छ निघतो. संथ जागी हाच वापरा.

*चौथं, भोकं.* एखादं भोक चढं असेल तर त्याच्या वरच्या कडेला, म्हणजे माउथपीसच्या बाजूला, पातळ टेपची बारीक पट्टी लावून पाहा. चुकली तर काढून टाकता येते. उतरा स्वर वर आणण्यासाठी पॅडची उंची वाढवून घ्या. भोक आतून तासणं किंवा बोअर घासणं हे शेवटचं आणि फक्त अनुभवी कारागिराचं काम. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

पेटीबरोबर वाजवताना

बी फ्लॅट क्लॅरिनेटचा लिखित सी म्हणजे पेटीची काळी पाच. हे एक समीकरण पाठ असलं की बाकीचा हिशेब आपोआप होतो. घशाचे चार स्वर मध्य सप्तकात पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच आणि काळी चार या पट्ट्यांवर पडतात.

आता पुरुष गायकांची नेहमीची काळी एक घ्या. सा लिखित डी शार्पवर येतो. पण शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, तीव्र मध्यम आणि पंचम हे चारही घशाच्या स्वरांवर पडतात. तानपुऱ्यात अखंड वाजणारा पंचम नेमका त्या फिक्या बी फ्लॅटवर! गायकाची पट्टी काळी एक असेल तर घरी रियाज करताना याच चार स्वरांवर जास्त वेळ द्या आणि पंचमाला बाजूची चावी वापरा. काळी दोन असेल तर पंचम लिखित सी वर, म्हणजे भक्कम जागी जातो आणि त्रास रिषभ ते मध्यम एवढ्यापुरता उरतो. काळी पाच पट्टीत सा, रे, ग, म बिनघोर असतात, पंचम खुल्या जी वर येतो. पट्टी निवडणं तुमच्या हातात असेल तेव्हा हा हिशेब आधी करा.

आणखी एक गोष्ट: पेटीचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. क्लॅरिनेटवर ओठ सैल करून स्वर उतरवणं सोपं, चढवणं अवघड. म्हणून वाद्य जुळवताना किंचित वरच्या बाजूला ठेवा, उतरायला जागा राहील.

जुनं वाद्य घेताना

ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या पट्टीत वाजत. त्यांचा ए सुमारे ४५२ हर्ट्झचा होता. आजचा ४४०. त्या काळचं वाद्य दिसायला देखणं, लाकूड उत्तम आणि किंमत कमी असू शकते. पण फरक सुमारे ४७ सेंटचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या पट्टीचा आहे. खुला जी जागेवर आणायला बॅरल जवळपास ७ मिलिमीटर ओढावा लागेल आणि तेवढ्यात खालचा ई केवळ २० सेंट उतरेल. हे वाद्य ओढून सुधारत नाही. अंगावर इंग्रजी ‘एच पी’ (हाय पिच) अक्षरं कोरलेली आहेत का ते पाहा आणि आजच्या बी फ्लॅट वाद्याशेजारी ठेवून लांबी ताडा. चढ्या पट्टीचं वाद्य सुमारे दीड सेंटिमीटर आखूड भरतं. तानपुरा हवा तिथे लावून एकट्याने वाजवायला ते चालेल, पेटी किंवा कीबोर्डबरोबर नाही.

लाकडी वाद्याची नळी कोकणातल्या पावसाळ्यात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात सारखी राहत नाही. लाकूड फुगतं, आकसतं, कधी गोलाई सोडून लंबगोल होतं. वाजवून झाल्यावर नळी पुसा, ओलं वाद्य त्याच्या खोक्यात ठेवू नका. बँडमध्ये उन्हापावसात वाजवणाऱ्यांनी इबोनाइट किंवा प्लास्टिकचं वाद्य घेण्यात कमीपणा मानू नये. त्याची नळी हवामानाबरोबर बदलत नाही.

विकत घेण्यापूर्वी वरच्या जोड्यांचा तक्ता दुकानातच करा. लिखित जी ते सी या मधल्या जोड्या सुरात नसतील, तर वाद्य सोडून द्या. टोकाचे स्वर पाच-दहा सेंट इकडेतिकडे असतील तर हरकत नाही, तेवढं सांभाळता येतं. आणि तक्ता करायला दुकानदार वेळ देत नसेल, तर ते वाद्य घेऊ नका.